गोखरूच्या दुकानाची व्यवस्था

माझा धाकटा भाऊ म्हणतो, गोखरू तर रानात फुकट उगवतो. मला तो महागात पडला: बोटांत जन्मभर काटे आणि रस्त्यात नजर चुकवणारं सगळं गाव. लघवीच्या औषधवाल्याशी दोन शब्द बोललं, की बघणाऱ्याला दुखणं कळतं.

तरी मी, वय एकाहत्तर, पायाने थकलेला पण डोक्याने ताळ्यावर, कोणाच्या भरीस न पडता लिहून ठेवतो की:

१. दुकान, मागची खोली, खलबत्ता, चाळण्या ही माझी स्वकमाई. मला बायकामुलं नाहीत. हे सगळं, दुकानात गोखरू निवडायला येणाऱ्या बाईंना द्यावं. मागच्या तापात उशाशी त्याच होत्या. हा कागद टिकला नाही तर सगळं भावाकडे जाईल आणि बाई दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येतील.

२. काढा माझ्या पद्धतीनेच करावा. भरडलेला गोखरू, थोडे धने, पाणी पाव उरेपर्यंत आटवावं. साधी जळजळ असेल तरच द्यावा. गरोदर बाईला देऊ नये. मुतखडा विरघळतो असं सांगू नये, मी विरघळलेला पाहिलेला नाही. ताप, रक्त किंवा लघवी तुंबलेली असेल तर सरळ दवाखान्यात धाडावं.

३. गिऱ्हाईक कुजबुजतं. कान तिखट, चेहरा कोरा ठेवावा.
"काका, मेव्हण्यासाठी हवंय."
"मेव्हण्यांना जळजळ कधीपासून?"
"मला परवापासून... म्हणजे त्यांना."
पुडी मेव्हण्याच्याच नावाने बांधावी.

४. धाकटा भाऊ भर लग्नात म्हणाला, "दादाचं काय, मुतारीवर पोट आहे." हल्ली त्याची बायको त्याच्यासाठी गुपचूप पुड्या नेते. तोच त्याचा वाटा.

५. वकील म्हणाले, दोन साक्षीदार हवेत आणि बाई त्यांत नकोत, कारण मिळकत त्यांनाच जायची. काळजी नको. अर्धं गाव मी मोकळं केलंय. हाक मारली तर दारात रांग लागेल.

सही: दुकानाचा मालक
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: महिन्याची पाच तारीख

पुरवणी, त्याच महिन्याची वीस तारीख: हेडमास्तर म्हणाले, "सही करतो हो, पण तुम्ही त्या दुकानात कसे, असं कोर्टाने मला विचारलं तर?" बँकेतले साहेब पुडी खिशात घालत म्हणाले, चष्मा घरी राहिला. तो त्यांच्या नाकावर होता.

साक्षीदार पहिला: समोरचा कुलूपवाला. याने माझं औषध कधी घेतलेलं नाही.
साक्षीदार दुसरा: मिळालेला नाही.