ठोकलेली गाडी

आप्पा, मी गाडी घेतली. जुनी आहे आणि ठोकलेली आहे. तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावं वाटलं. बॉनेट उघडलं तर एका बाजूचं वेल्डिंग नवं दिसत होतं. विचारल्यावर विकणारा म्हणाला, "भाऊ, रंग कसला चकाचक मारलाय बघा. घरी कशाला सांगता? हार घाला, पेढे वाटा." इथल्या, सुरतेतल्या एका मिस्त्रीकडून चेसी सरळ असल्याची खात्री करून घेतली आणि सौदा केला. कापडाच्या गिरणीत माझा जीव रमत नाही. गावी परत येऊन बेंबळी-धाराशिव भाडं मारायचं ठरवलंय.

तुम्ही पलटी झालेली जीप आणली होती, तो दिवस आठवतो. स्टँडवर कुणी न विचारताच तुम्ही सांगताय, "पलटी झालेली हाय. नीट केलीया. बसायचं तर बसा." एक म्हातारा म्हणाला, "आरं, गिऱ्हाईक बोलावतुयास का हाकलतुयास?" सगळे हसले आणि दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसले. तुम्ही रिकामी गाडी धाराशिवला नेली, रिकामीच परत आणली. येताना मी म्हणालो, "न सांगितलं तर काय बिघडतंय?" तुम्ही गाडी थांबवली. "उतर. चालत ये घरला." आणि खरंच उतरवलंत की.

म्हणून आईला फोनवर सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "कुणी मेलं व्हतं का त्यात?"

"न्हाय. ड्रायव्हरचा पाय मोडला फकस्त."

"रगत सांडलं न्हवं? मी न्हाय बसायची. डोळे दाखवायला यष्टीनंच जाईन सोलापूरला."

मीही तिचाच पोरगा. सोमवारी गाडी घेऊन निघतोय. तिला नारळ फोडू दे, चाकाखाली लिंबू ठेवू दे. तरी नाहीच बसली तर तिच्या यष्टीच्या मागं मागं सोलापूरपर्यंत रिकामी गाडी चालवीन, दवाखान्याच्या दारात उभी करीन आणि परत येताना पुन्हा विचारीन. स्टँडवरही खरं तेच सांगणार. रंगाआड लपवून एकही माणूस बसवणार नाही.

हे लिहिलेलं कुठं टाकणार? राहू दे माझ्याजवळच. आणखी एक. काल खोलीतला दोस्त म्हणाला, "चल की, एक चक्कर मारू." शेजारी माणूस बसणार म्हटल्यावर ते नवं वेल्डिंगच डोळ्यांसमोर आलं. गाडीत तेल नाही म्हणून सांगितलं. टाकी भरलेली होती, आप्पा.