मूठभर कणीक

राजेंद्र नगर, इंदूर
८ जून

ती. शशिकला आत्यास,
ऋजुताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर तोंडातून भलतंच निघेल, म्हणून हे पत्र मानसबरोबर पाठवते आहे. तुझा जावई बिचारा नुसता पोस्टमन, त्याच्यावर भडकू नकोस.

माझी आर्या सुटीला तुझ्याकडे आली तेव्हा धडधाकट होती. परत आली ती पोट धरून, आणि अजून अंथरुणात आहे. तिला सीलिएक आहे, गव्हाचा कणही तिच्या आतड्यांना सोसत नाही, हे मी तुझ्या ओट्यापाशी उभी राहून सांगितलं होतं. डॉक्टर विचारतात, काय खाल्लं? काय काय दिलंस ते सगळं लिही. गोल गोल उत्तर नको.

लोभ आहेच, पण आज तो मागायचं मन नाही.
ऋजुता


मल्हारगंज, इंदूर
९ जून

चि. सौ. ऋजुतास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. नातीला मी विष घातलं, असंच ना?

मग वाच. चक्कीवर गहू दळतात म्हणून मका घरघंटीवर दळला, तीही आधी पुसून. पिठाला नवा डबा आणला. त्याच मक्याच्या जाड्या दलियाची ताकातली राबडी, मक्याच्याच बारीक रव्याचा शिरा, आणि पिठाची रोटी. तू आणतेस ते पांढरं कॉर्नफ्लोअर नव्हे. तो नुसता स्टार्च, सूप घट्ट करायला ठीक. रोटी अस्सल मक्याची. थापताना तुटते म्हणून मूठभर कणीक, ती तर आमच्या गल्लीत सगळ्याच घालतात. तेवढ्याने ती काय गव्हाची झाली? शेजारची रुपाली म्हणते तेच खरं, आंटीजी, आजकल की मम्मियों का हर चीज में नाटक.

पोरीला जप, जिभेलाही आवर घाल. आशीर्वाद आहेतच.
तुझी आत्या


राजेंद्र नगर, इंदूर
१० जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तीच मूठ, आत्या. घरघंटी पुसलीस, नवा डबा आणलास, आणि मग स्वतःच्या हाताने त्यात गहू घातलास. तुटली असती रोटी तर तुटली असती. आमच्याकडे रोज तुटते, आम्ही तिचे तुकडे दुधात कुस्करून खातो. मला तुझा भयंकर संताप आलाय.

तुझं पत्र मी मानसला मोठ्याने वाचून दाखवत होते. आर्या आतून म्हणाली, मला माहीत होतं, आजीला कणीक घालताना मी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी तिने तुला सांगितलंही होतं. तू म्हणालीस, आईचं नाटक तू नको शिकूस. मग ती रोज मुकाट्याने खात राहिली, तू वाढलंस तेवढं सगळं.

उद्याच ये. तिच्याजवळ बस आणि तुझ्या तोंडाने सांग की आजीलाही नाही म्हणायचं असतं. मी सांगून पाहिलं. ती म्हणते, आजी रागावेल.

तुझी वाट पाहते, रागातच.
ऋजुता