पिठाच्या डब्यामागचं यंत्र

लोणावळा,
रविवार, २२ ऑगस्ट १९७१

प्रिय हिरा,

नात्याने तू माझी नणंद, तेव्हा वरती ‘वन्सं’ लिहायला हवं. पण मी रागावले आहे, आणि रागात माझ्याकडून मानपान होत नाहीत. असं जातं का गं माणूस? आम्ही मायलेकी दवाखान्यातून घरी आलो, तू मला अळिवाची खीर करून घातलीस, बाळीची दुपटी धुऊन दोरीवर टाकलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘शाळेत तपासणी आहे’ म्हणत पिशवी उचलून मळवलीची गाडी धरलीस. महिना उलटला. एवढी कसली तपासणी चालली आहे तुझ्या चौथीपर्यंतच्या शाळेत? आणि मळवली काही सातासमुद्रापलीकडे नाही, बाई, एक स्टेशन आहे. संध्याकाळची गाडी आली की मी अजून दाराकडे बघते.

बाळी खुशाल आहे. दूध पिते, झोपते, आणि तुझ्या दादांनी उचललं की नेमकी त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर करते. ते काही म्हणत नाहीत, उलट चाळभर सदरा दाखवत फिरतात. या हवेत दुपटी वाळायचं नाव नाही. खिडकी उघडली की ढग घरात येतो आणि वाळत आलेलं पुन्हा ओलं करून जातो. मग आई शेगडीवर टोपली उपडी घालून एकेक दुपटं शेकत बसतात. बाळीच्या अंगाला सदा कोळशाचा वास येतो. तिला अजून झोळीतच निजवतो. पाळण्याचं पुढे सांगते.

आज सकाळी मी उठले तीच अर्धशिशी घेऊन. डाव्या डोळ्यापुढे ती चमचम, मग कानशिलात घण. पूर्वी मी काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे. आज मी खिडकीला गोधडी लावली, बाळीला आईंजवळ दिलं आणि पडून राहिले. पिठाच्या डब्यामागे हातसुद्धा घातला नाही. दुपारी उतरली. चहा घेतला आणि लिहायला बसले. म्हटलं, हे जिला कळवायला हवं ती मेली तिकडे तपासणी करत बसली आहे.

आठवतंय का गं, एप्रिल-मेमध्ये माझी काय दशा होती? आधीची दोन सातव्या महिन्यातच गेलेली. दोन्ही वेळा प्रेशर वाढलं होतं. हे तिसरं. डॉक्टर पट्टा बांधायला लागले की माझं काळीज असं धडधडायचं, की पारा कुठच्या कुठे जायचा. शेवटी डॉक्टरच कंटाळले. म्हणाले, ही दवाखान्याला भिते, हिचं घरी शांतपणे मोजा. त्यांचं जुनं पाऱ्याचं यंत्र त्यांनी आम्हाला दिलं आणि नळ्या कानाला लावून कसं ऐकायचं, वरचा आकडा कुठला, खालचा कुठला, ते तुझ्या दादांना शिकवलं. मला त्यातलं एवढंच कळलं होतं, की पारा चढला तर हेही मूल हाती लागणार नाही, आणि कदाचित मीही राहणार नाही.

तुझ्या दादांना तरी काय बोलू? घाटात गाडी सोडण्याआधी ब्रेक तपासायचे, हे त्यांचं जन्माचं काम. काटा जागचा हलला म्हणजे नळी कुठेतरी गळते आहे, आणि गळते आहे तोवर गाडी खाली सोडायची नाही. त्यांनी मलाही तसंच धरलं. सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी जुळला नाही की यांचा चेहरा पांढराफटक. मग पुन्हा पट्टा. जेवल्यावर पट्टा, पाणी भरून आले की पट्टा, आमचं भांडण झालं की तर हमखास पट्टा. मी आकडा विचारायचीच नाही, त्यांच्या भुवया बघायची. भुवया वर गेल्या की माझं डोकं ठणकायला लागायचं, डोकं ठणकलं की हे यंत्र घेऊन हजर, आणि यंत्र बघून पारा आणखी वर. घरात बाळ यायचं होतं, पण बोलणं चोवीस तास त्या पाऱ्याचं. मला तर स्वप्नातसुद्धा पट्टाच आवळायचा.

आणि मग तुझी मेची सुट्टी लागली. तू आलीस, भिंतीला टेकून थोडा वेळ आमचा तमाशा बघितलास, आणि दादांच्या हातातून यंत्र काढून घेतलंस. ‘दादा, ही वहिनी आहे, मालगाडी नाही.’ तुझ्या दादांना असं बोलणारी मी दुसरी बाई बघितली नाही. डॉक्टरांकडे जाऊन स्वतः शिकून आलीस, यंत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलंस आणि कायदा केलास: रोज सकाळी एकदा, चहाच्या आधी, निवांत बसून. आकडा घरात कुणालाही सांगायचा नाही, डॉक्टरांनाच सांगायचा. दादांनी डब्याकडे नुसतं बघितलं तरी तू त्यांना दळण आणायला पाठवायचीस. त्या महिन्यात आपल्या घरी इतकं पीठ झालं की चाळीत वाटावं लागलं.

सुट्टी संपली तरी तू गेली नाहीस. सकाळी माझं बघून शाळेची गाडी धरायचीस, संध्याकाळी परत हजर. पट्टा बांधताना तुझं तोंड सुरू असायचं. कुठल्या पोराने पाटीवर गुरुजींचं चित्र काढलं, कुणाच्या दप्तरात खेकडा निघाला. नळ्या कानात घातल्यास की एवढाच वेळ गप्प, हवा सोडलीस की खेकडा पुन्हा पुढे चालू. मी तुझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. काही म्हणजे काही दिसायचं नाही गं! चढलंय की उतरलंय, देव जाणे, आणि देव तर आपण मानत नाही. हळूहळू मी बघायचंच सोडलं आणि खेकड्याचं पुढे काय झालं ते ऐकायला लागले. डोकं दुखलं तर तू यंत्राकडे जायची नाहीस, आधी माझ्याशी बोलायचीस. नेहमीचीच ना, एकाच बाजूची? डोळ्यांपुढे अंधारी येते का? बरगडीखाली दुखतंय? मग घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का ते बघायचीस. एवढं नेमकं हिला कसं सुचतं, याचं मला नवल वाटायचं. म्हटलं, मास्तरीण आहे, वाचलं असेल कुठेतरी.

आणि आईंची ती गंमत! त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की पट्टा हेच औषध. आवळला की प्रेशर पिळून निघतं. रोज माझ्यानंतर स्वतःचा दंड पुढे करायच्या, आणि तू त्यांनाही निमूट बांधायचीस. त्या दिवशी माझी अर्धशिशी जोरात होती, तर आई तुझ्यावरच करवादल्या. ‘आगं, दुकतंय डोकं आन् दंडाला काय बांदतीस? डोक्याला बांद की करकचून!’ आणि खरंच पट्टा उचलून माझ्या कपाळाला गुंडाळायला लागल्या. मी त्या ठणक्यातही इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तूही हसलीस. मग तोंड धुवायला म्हणून मोरीत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. मी हाकसुद्धा मारली होती.

त्यानंतरची ती आषाढातली सकाळ. डोकं दुखत होतं, पण दोन्ही बाजूंनी, आणि चमचम नव्हती, नुसती अंधारी. चेहरा सुजला होता, हातातल्या बांगड्या रुतत होत्या. तू पट्टा बांधलास, हवा सोडलीस, नळ्या गुंडाळून ठेवल्यास आणि म्हणालीस, वहिनी, आज जरा तळेगावला जाऊन येऊ, साडी बदल. जसं काही बाजारालाच निघालो होतो! दादांना डॉक्टरांच्या मोटारीसाठी पिटाळलंस. वाटभर माझा हात धरून बडबडत होतीस. फक्त कामशेत आलं तेव्हा बोलता बोलता थांबलीस, पवनेकडच्या फाट्याकडे बघत राहिलीस, आणि माझा हात असा दाबलास की मलाच विचारावंसं वाटलं, हिरा, काय गं झालं? त्याच दिवशी बाळी झाली. महिनाभर आधी आली, पण रडत आली. तळेगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, अजून काही तास गेले असते तर दोघी गेल्या असत्या. त्या सकाळचा आकडा किती होता, तोही त्यांनीच मला सांगितला. तो बघूनही तू मला ‘साडी बदल’ म्हणालीस. मी असते तर तिथेच बोंब ठोकली असती.

आता मुद्द्याचं. परवाही मला अर्धशिशी आली होती. मी आईंना म्हटलं, एक फडकं घ्या आणि बांधा डोक्याला करकचून. आई उठल्याच नाहीत. हातात दुपटं धरून रडायला लागल्या. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट म्हणून मला आजवर एवढंच माहीत होतं, की तुझं मूल राहिलं नाही आणि तुझ्या नवऱ्याने दुसरी केली. पहिलटकरीण म्हणून तू माहेरी, पवनेकडच्या गावी आली होतीस, तुझं डोकं काही केल्या राहत नव्हतं, आणि आईंनी फडकं बांधलं, सुंठ उगाळून लावली, दिवस उगवायच्या आत दूध-जिलबी चारली, हे मला कुठे ठाऊक होतं? पाय सुजले तर म्हणाल्या, पोटुशीचे सुजतातच. झटके आले तेव्हा गाडी जुंपली. ती कामशेतला पोचेपर्यंत मुलगी गेलेली होती. तुला तिचं तोंडसुद्धा कुणी दाखवलं नाही.

हिरा, मी त्या दिवसापासून एकच विचार करते आहे. रोज सकाळी तू माझ्या दंडाला पट्टा बांधत होतीस, समोर तुझी आई बसलेली असायची, आणि तू तिला एका शब्दाने कधी काही म्हणाली नाहीस. उलट तिने हात पुढे केला की तिलाही बांधलास. एवढं मन तू आणलंस कुठून? मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी, पण मला तुझ्या पाया पडावंसं वाटतं. कुणाला दोष द्यायचा नाही हे मलाही कळतं. आईंना माहीत नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. पण कळणं वेगळं, आणि तसं रोज वागणं वेगळं.

आणि तू का गेलीस तेही कळलं. आपल्या विठाबाई शेजारणीने दारात उभं राहून आईंना सांगितलं, ‘आक्काबाई, नाव ठिवायला लेकुरवाळी बगा, दोन गेल्यात, हिला तरी जपा.’ तू मोरीत दुपटी धूत होतीस. आई तेव्हा गप्प बसल्या, आणि तू दुसऱ्या दिवशी पिशवी उचललीस. छप्पन साली दीक्षा घेताना शकुन-अपशकुन सगळे पवनेत सोडले म्हणतो आपण, मग हा एवढाच कसा घरात राहिला? पण परवा रडून झाल्यावर आई उठल्या, विठाबाईच्या दारात गेल्या आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘माझ्या नातीचं नाव तिची आत्याच ठिवंल. न्हाईतर पोरगी बिननावाची ऱ्हाईल!’

म्हणून हे पत्र. बारसं केलेलं नाही. पाळणा आढ्याला टांगला आहे, पण बाळीला त्यात घातलेलं नाही. पुढच्या रविवारी तुझे दादा सकाळच्या गाडीने तुला आणायला येतील, आणि तपासणीचं कारण सांगितलंस तर शाळेच्या दारात बसून राहतील, मी तसं बजावलंच आहे. नाव कोणतं, ते मी विचारत नाही. आई म्हणतात, तुझ्या मुलीच्या वेळी तू एक नाव मनात धरलं होतंस आणि कुणालाच सांगितलं नव्हतंस. ते ठेव, नाहीतर नवं ठेव, माझी कशालाच ना नाही. बाळीच्या कानात सांग, आम्हाला मागाहून कळलं तरी चालेल, आकडा नाही का तू असाच स्वतःजवळ ठेवायचीस. फक्त या वेळी हस, रड, काय वाटेल ते कर, पण तोंड तसं कोरं ठेवू नकोस.

तुझीच,
सरूवहिनी