सदऱ्याखालचा पट्टा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एका घोर अन्यायाची तक्रार तुझ्या दरबारी गुदरतो आहे. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला चालताना ताल मिळावा म्हणून मोबाइलमध्ये एक टकटक लावून दिली आहे. टक झाली की पाऊल. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझा डावा पाय चालणे विसरला, ते त्याला ताल आठवून देतो, असे त्यांचे म्हणणे. असेलही. पण त्या टकटकीला लघु-गुरूचा काडीइतका विवेक नाही! जन्मभर संस्कृत शिकवून शेवटी मी हिच्या तालावर नाचायचे?

म्हणून ती बंद करून मी वृत्ते म्हणू लागलो. आधी मंदाक्रांता घेतली. नाव माझ्या चालीला शोभत होते. पहिले चार गुरू डौलात पार पडले, पुढचे पाच लघू धावत सुटले आणि डावा पाय मागेच राहिला. आता मुकाट्याने अनुष्टुभावर आलो आहे. अक्षराला एक पाऊल. बाई खूश आहेत, फक्त मोठ्याने म्हणा म्हणतात. रस्त्यात मी पुटपुटतो. समोरच्या शिंप्याची समजूत झाली आहे की मी त्याच्या दुकानावर काहीतरी मंत्र टाकतो.

खरी नामुष्की वेगळीच. माझ्या कमरेला एक रुंद पट्टा बांधतात. त्याला मागे मुठी, सूटकेसला असतात तशा. ती मूठ धरून तुझी भावजय मागून येते. लग्नापासून ही माझ्या चार पावले मागे चालत आली. आता एकच पाऊल मागे, पण लगाम हिच्या हाती. वाटेत जुने विद्यार्थी भेटतात. रूपे येत नाहीत म्हणून ज्यांना मी बाकावर उभे केले, त्यांच्यासमोरून मी दावे लावल्यासारखा जायचे. यावर तोड काढली आहे. त्याच शिंप्याकडून गुडघ्यापर्यंत ढगळ सदरा शिवून घेतला. पट्टा आत, अब्रू शाबूत. मूठ धरायची कशी, असे हिने एकदा विचारले. वरून चाचपली की लागते हाताला, असे सांगून मी तिचे समाधान केले.

दाजींना नमस्कार. मायेत कसूर नको.

तुझा पंडित


२३ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नका, डाव्या हाताने लिहिते आहे. फोनवर मी बाथरूममध्ये घसरले असे तुम्हाला सांगितले. शेजारीही तेच सांगितले. ते खरे नाही.

आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. तिथे एका विद्यार्थ्याने यांना लांबून नमस्कार केला. यांनी परत नमस्कार करायला काठीचा हात वर उचलला आणि डाव्या पायाचा चवडा फूटपाथच्या कडेला अडकला. मी पट्टा धरायला गेले, हातात आला सदरा. शिवण उसवली. हे माझ्या अंगावर पडले आणि माझे उजवे मनगट खाली सापडून मोडले. यांना साधे खरचटलेही नाही, देवाची कृपा.

तेव्हापासून हे खुर्चीतून उठत नाहीत. बाईंना सर्दीचे कारण सांगतात. बाई हसून म्हणाल्या की सर्दी पायाला होत नाही. पण जाताना दारात मला हळूच सांगून गेल्या की पाय शिकतो तो याच महिन्यांत; आत्ता बसून राहिले तर पुढे दुप्पट कष्ट पडतील, आणि तरी कितपत जमेल कोण जाणे. झोपेत हे वर्गात उभे राहून शिकवल्यासारखे बोलतात, मला ऐकायला येते हो, वन्सं. आणि जागेपणी माझ्याशी एक शब्द नाही. मला पाणी देतात तेही टेबलावर ठेवून, दुसरीकडे बघत.

तुमचे ऐकतील. मात्र पडल्याबद्दल रागावू नका. तसे रागवायचे असते तर मीच रागावले असते.

आमच्यावर छाया असू द्या.

आपली भावजय


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. सुरुवातीच्या गाढवापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत सगळे दोनदा वाचले. अब्रू सदऱ्यात शिवून मिळत असती तर शिंपी ऋषी झाला असता, हे तुझे वचन सुभाषितांत घालण्याजोगे आहे. आणि बायकोचे हाड मोडून वर तिच्याशीच अबोला धरणारा माणूस तू दुसरा पाहिला नाहीस, हेही खरे. तो अबोला नव्हता, ताई. तिच्या प्लॅस्टरकडे बघून मला तोंड उघडवत नव्हते.

काल बाहेर पडलो. पट्टा सदऱ्यावरून बांधला, साऱ्या गल्लीला दिसेल असा. मूठ बाईंनी धरली. शिंपी मशीन थांबवून बघत होता. कानाच्या पाळ्या तापल्या, पण श्लोक मोठ्याने म्हणत राहिलो. तुझी भावजय हात गळ्यात बांधून पुढे चालत होती. आजवर ती मागे असायची, त्यामुळे तिची पावले मला कधी ऐकूच आली नव्हती. चपलांचा फार नेमका ताल आहे तिचा. कोपऱ्याच्या आसपास मी श्लोक सोडला आणि त्यावरच चाललो. बरे जमले.

त्याच कडेला चवडा पुन्हा अडकला. बाईंनी मागून उचलून धरले, काही झाले नाही. पण तोवर ही गर्रकन वळली होती आणि माझ्याखाली हात घातला होता. प्लॅस्टरमधला.

येत्या आठवड्यात प्लॅस्टर निघेल. पट्टा मीच धरणार, असे तिने बाईंना आताच बजावून ठेवले आहे. मी चालणार आहे, रोज चालणार आहे, त्याबद्दल तू निश्चिंत राहा. पण मी पुन्हा कोसळलो तर ती पुन्हा खाली येईल आणि पुन्हा बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगेल. मला त्याची फार भीती वाटते, ताई.

राग असू दे, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा पंडित