मुली खेळतात, डावपेच माझे

१ सप्टेंबर, सोमवार

प्राचार्य अण्णासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. क्रीडा विभागाचे सर रिटायर झाले, जागा भरायला मंजुरी नाही, म्हणून मुलींच्या बास्केटबॉल संघाचा चार्ज राज्यशास्त्राकडे. राज्यशास्त्र म्हणजे मी. म्हणालो, सर, मी फक्त खो-खो खेळलेलो आहे. ते म्हणाले, पळापळीच आहे बद्रीनाथ, काय फरक पडतो. असं बोलणारा माणूस प्राचार्य होतो, याचीच शिसारी येते.

नकारच द्यायचा होता. पण क्लार्कनं जाता जाता सांगितलं, की विद्यापीठाची स्पर्धा जिंकणाऱ्या कॉलेजचा व्यवस्थापकच पुढं विद्यापीठ संघाबरोबर मॅनेजर म्हणून परराज्यात जातो. ब्लेझर मिळतो, एसीचं तिकीट मिळतं, विद्यापीठाच्या पुस्तिकेत नाव छापून येतं. चौदा वर्षं नोकरी झाली. माझं नाव हजेरीपुस्तक सोडून कुठं आलेलं नाही.

चार्ज घेतला. ही वही फक्त त्यासाठी. मॅनेजर मीच होणार.

२ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ६.१०

कोर्ट पाहिलं. वडीगोद्रीतल्या समस्त शेळ्या रात्री इथंच मुक्कामाला असाव्यात. लेंड्या, गुटख्याच्या पुड्या, रिंगला लोंबणारी नायलॉनची सुतळी. मुली खराट्यानं झाडत होत्या. मी नाकाला रुमाल लावून मार्गदर्शन केलं.

कॅप्टन प्रियदर्शनी. उंच, शेतकऱ्याची मुलगी, गोदाकाठच्या गावातून पहाटेच्या एसटीनं येते. कनिका आणि पलक बाजारपेठेतल्या मारवाडी घरांतल्या. कनिकाच्या वडिलांचं कापडाचं दुकान, पलकच्या घरी आडत. बाकी नऊ जणी अजून तोंडपाठ नाहीत. प्रियदर्शनी म्हणाली, सर, आम्ही अकरावीपासून संगंच खेळून राह्यलो, आमचं बराबर जमतं. मी म्हणालो, आता जमणं बंद, आता पद्धत. सगळ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. धाक बसला.

९ सप्टेंबर, मंगळवार

यूट्यूबवर अठरा व्हिडिओ पाहिले. सतरा इंग्रजीत, एक स्वयंपाकाचा निघाला. तेवढ्यावर योजना क्रमांक एक तयार केली. बॉल पाचही मुलींच्या हातून दोनदा फिरल्याशिवाय कोणी बास्केटकडं बघायचंसुद्धा नाही. समान संधी. राज्यघटनेचा आत्माच तो.

प्रॅक्टिसला अंमलबजावणी केली. कनिका म्हणाली, सर, चोवीस सेकंदात बॉल मारायचा असतो, न्हाईतर तो समोरच्यांना जातो. हा नियम मला आजपर्यंत कोणी सांगितलेला नाही. लेखी कळवायला पाहिजे होतं. या देशात कुठलीच गोष्ट वेळेवर कळवत नाहीत, वीट येतो.

घरी कौसल्येला योजना समजावून सांगितली. बायको म्हणून तिनं ऐकायला काय हरकत होती. तर भाजी निवडता निवडता म्हणाली, तुम्ही नुसतं बसत जा ना तिथं. तिनं आयुष्यात एक मॅच पाहिलेली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

जालना. जिल्हा फेरी, पहिली मॅच. जाताना एसटीत पुढच्या सीटवरच्या माणसाला ओकारी झाली. खिडकी उघडी, वारा आमच्या दिशेनं. पुढचं लिहवत नाही.

मुलींनी योजना क्रमांक एक पाळली नाही. मी बेंचवरून सारखं ओरडत होतो, हात वर, उजवीकडं, कनिका मागं, मागं नाही पुढं. घसा बसला. हाफटाइमला आठ गुणांनी मागं. तेवढ्यात प्रियदर्शनी आली. म्हणाली, सर, पोरींना केळी पाहिजेत. तुम्हीच आणा, दुसऱ्या कुणाला पारख न्हाई.

बरोबर आहे, पारख मला आहे. जवळच्या गाड्यावरची केळी काळी पडलेली, वर माश्यांचा थर. विकणाऱ्यानं त्याच हातानं नाक पुसलं. पुढं चौकापर्यंत गेलो. परत आलो तर मॅच संपलेली, तेरा गुणांनी जिंकलो! विचार केला तेव्हा लक्षात आलं, की माझ्या सूचना डोक्यात मुरायला वीस मिनिटं लागतात. चांगल्या सूचनांचं असंच असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरी मॅच. सुरुवातीलाच मागं पडलो. पलकच्या कानातलं हरवलं. ती म्हणाली, मम्मी रागावंल सर, तुम्ही जरा आपल्या बसमध्ये बघून या ना, जल्दी नका करू, नीट बघा. बस डेपोत गेल्ती. प्रत्येक सीटखाली वाकून पाहिलं. चघळलेल्या शेंगा, पिचकाऱ्या, कुणाचा तरी एक मोजा. हात साबणानं चार वेळा धुतले. कानातलं नाही मिळालं. एकोणीस गुणांनी जिंकलो. कानातलं पलकच्या बॅगेतच होतं. या पिढीचं लक्ष कुठं असतं?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

फायनल. आज जागचं न हलण्याचा निश्चय केला होता.

रेफ्री राजानंद नावाचा, पोट शिट्टीच्याही पुढं. मी कनिकाला खांद्याला धरून योग्य दिशेला वळवायला फक्त पाच पावलं कोर्टमध्ये गेलो. मॅच चालू होती हे मान्य. त्यानं टेक्निकल फाउल दिला. समोरच्यांना एक फ्री थ्रो. मी त्याला नागरिकाच्या मूलभूत हक्कांबद्दल दोन शब्द सांगितले. दुसरा टेक्निकल. दोन झाले की व्यवस्थापकाला मैदानाबाहेर काढतात, हाही नियम कोणी कळवलेला नव्हता.

कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभा राहिलो. ती भिंत सगळा जालना कशासाठी वापरतो ते वासावरून कळत होतं. आतून आमच्या मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता. बावीस गुणांनी जिंकलो. जिल्हा विजेते! माझा झालेला अपमान पाहून मुली पेटून उठल्या, दुसरं काय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पेपरात बातमी. प्रियदर्शनीचं नाव तीनदा, कनिकाचं दोनदा, अण्णासाहेबांचा फोटो. माझं नाव नाही. हायवेवर फ्लेक्स लागला, त्यावर अण्णासाहेब ट्रॅक्टरएवढे आणि बारा मुली बोटाएवढ्या. मी कडेला, बांबूच्या खिळ्याखाली अर्धा. त्यात एक कावळा वरून येऊन गेला. किळस आली.

२ नोव्हेंबर, रविवार

संघाला घेऊन राजूरच्या गणपतीला गेलो. विद्यापीठ स्पर्धेच्या आधी आशीर्वाद पाहिजेच. मी मॅनेजरपद मागितलं. मुलींना विचारलं, तुम्ही काय मागितलं? सगळ्या खाली मान घालून हसल्या. पलक म्हणाली, सांगितलं तर होत न्हाई सर. कौसल्याही बरोबर आल्ती. तिला प्रियदर्शनीनं कानात सांगितलं, तर पायऱ्या उतरेपर्यंत ही पदर तोंडाला लावून हसत होती. देवाच्या दारी असलं वागणं मला आवडत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विद्यापीठ स्पर्धा, संभाजीनगर. लॉजवर उतरलो. चादरीवर आधीच्या गिऱ्हाइकाच्या रश्श्याचा डाग, उशीला तेलाचा वास, बाथरूममध्ये एक केस, तोही लांब. लॉजच्या मॅनेजरला म्हणालो, चादर बदला. त्यानं तीच उलटी करून घातली.

पहिली मॅच नऊ गुणांनी जिंकलो. मी बहुतेक वेळ पाण्याच्या बाटल्या भरून आणण्यात होतो. नळ लांब होता. जवळच्या नळाचं पाणी जड असतं, असं कनिकानं सांगितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेल्तो, अकरा गुणांनी जिंकलो. आज सेमीफायनल. क्रेप बँडेज आणायला पाठवलं, चार मेडिकल पालथी घातली. आणून देतो तर कुणाचाच पाय मुरगळलेला नाही. सहा गुणांनी जिंकलो.

संघ फायनलला! सहा मॅच, सहा विजय. आमच्या कॉलेजच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही आणि एकाही विजयाचा शेवट मी पाहिलेला नाही. मुलींना एक साधी वस्तू आणता येत नाही, सगळं सरांनी करायचं. उद्या मी खुर्चीतून उठणार नाही. आकाश कोसळलं तरी नाही. फायनलमध्ये विद्यापीठाचे लोक बघायला असतात, मॅनेजर खुर्चीत दिसायला पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी ७

दिवसाची नोंद शांतपणे करतो.

खुर्चीत बसलो. बीडच्या मुलींशी मॅच. पहिल्याच पाच मिनिटांत प्रियदर्शनीनं केळी मागितली. सकाळीच दोन डझन आणून ठेवली होती, पिशवी दाखवली. पलकचं कानातलं हरवलं. म्हणालो, हरवू दे. कनिकानं येऊन सांगितलं, गेटवर अण्णासाहेब आलेत, तुम्हाला बोलवून राह्यले. म्हणालो, त्यांनाच आत पाठव. कुणी आलं नाही. मी एक मिनिट तोंड बंद ठेवलं नाही. योजना एक, योजना चार, योजना चारची सुधारित आवृत्ती. हाफटाइमला २६-१२. बारा आमचे.

प्रियदर्शनी घामानं निथळत समोर येऊन बसली. डोळे लाल झालेले. ती रडतेय असं वाटलं, पण रडत नव्हती. हळूच म्हणाली, सर, रेफ्री आपल्यावर अन्याय करून राह्यला. आमच्यात त्यांना बोलणारं कोणी न्हाई. तुमच्यासारखं बोलणं कुणालाच येत न्हाई सर.

कुठला अन्याय ते मला दिसलं नव्हतं. पण कॅप्टननं इतक्या विश्वासानं सांगितल्यावर मागं हटणं माझ्या स्वभावात नाही. तिसरा क्वार्टर सुरू होताच उठलो. रेफ्री तोच, राजानंद. मी त्याच्या पोटापासून सुरुवात केली. पहिला टेक्निकल. मागं वळून पाहिलं तर सगळा बेंच माझ्याकडं आशेनं बघत होता. पलक म्हणाली, अजून थोडं, सर. मग मी त्याच्या शिक्षणावर आलो. दुसरा टेक्निकल. बाहेर.

जाताना आमच्या बारा मुलींनी टाळ्या वाजवल्या. बीडच्यांना दोन फ्री थ्रो मिळाले, त्यातला एक आत गेला, तरी एकीनंही तक्रार केली नाही. एवढी निष्ठा आजकाल बघायला मिळत नाही. गेटबाहेर चायनीजच्या गाड्याशेजारी उभा राहिलो. तेल कधीचं होतं कुणास ठाऊक, काळंकुट्ट. आतल्या टाळ्यांवरून अंदाज घेत होतो. शेवटी असा कल्ला झाला, की गाडेवाल्यानं झारा खाली ठेवला. तीन गुणांनी जिंकलो!

विद्यापीठ विजेते. आत जाऊ लागलो तर वॉचमननं अडवलं, काढलेल्या माणसाला सोडता येत नाही म्हणाला. ग्रुप फोटो माझ्याशिवाय झाला. पण बाकी सगळं मनासारखं झालंय. आता यादीची वाट बघायची.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विद्यापीठाचं पत्र. स्पर्धांमध्ये दोनदा मैदानाबाहेर काढल्यामुळं मला एक वर्ष बेंचवर बसायला बंदी. त्यामुळं मॅनेजर म्हणून दुसऱ्या कुणाला तरी पाठवणार. पत्राच्या कागदाला कुणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा डाग. घृणास्पद कारभार.

खाली एक ओळ मात्र आहे. संघातल्या सर्व खेळाडूंनी सह्यांनिशी अर्ज केल्यास बंदीच्या कालावधीचा फेरविचार केला जाईल. म्हणजे काम झालंच. बारा सह्या तर आहेतच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रियदर्शनीला बोलावून बंदीचं सांगितलं. म्हटलं, एक अर्ज करावा लागेल. ती म्हणाली, आम्हाला ऑफिसमधून कळलंय सर, अर्ज लिहिलाच आहे, सगळ्यांच्या सह्या पण झाल्यात. मी काही न सांगताच! तिच्यासमोर डोळे पुसणं बरं दिसलं नसतं, म्हणून खिडकीकडं वळून शेळ्यांवर ओरडलो. घरी कौसल्येला सांगितलं. ती हसली नाही, ताटात अजून एक भाकरी वाढली.

१ डिसेंबर, सोमवार, दुपारी ३

अर्ज टेबलावर आला. अक्षर कनिकाचं, स्वच्छ. पुढं पाठवण्याआधी वाचायला घेतला.

विषय : सरांची बंदी एक वर्षाऐवजी दोन वर्षे करण्याबाबत.

पुन्हा वाचलं. तेच होतं.

आत लिहिलंय, की आमची डिग्री व्हायला अजून दोन वर्षं आहेत म्हणून दोन. सर मनानं चांगले आहेत, कष्टाळू आहेत, कुठलंही काम सांगितलं तर लांबून करून आणतात. पण ते बोलत असले की आम्हाला बॉल दिसत नाही. खाली स्कोअरशीटवरून काढलेला तक्ता. सात मॅच. सर बेंचवर असताना : १२८ मिनिटं, संघ ५१ गुणांनी मागं. सर नसताना : १५२ मिनिटं, संघ १३४ गुणांनी पुढं.

हिशोब तीनदा तपासला. काहीतरी चुकलेलं असेल असं वाटलं. चुकलेलं नाही.

वाईट वाटलं. रागवायला बसलो, तर कुणावर ते सुचेना. मघाशी शिपायानं आणलेल्या चहात माशी पडली होती. ती काढून टाकली आणि चहा प्यायलो.

अर्ज योग्य मार्गानं जायचा, तर खाली ‘मार्फत’ म्हणून संघ व्यवस्थापकाची सही लागते. प्रियदर्शनी दाराबाहेर उभी आहे. आत ये म्हटलं तर म्हणाली, न्हाई सर, तुम्ही करा निवांत, मी थांबते. बंदी बेंचवर बसायला आहे, माझ्या सहीला नाही.

सही केली. पहिला शिक्का उलटा पडला, परत मारला.