आईची ओळ

निशी-कसाई, टोकियो
१५ ऑक्टोबर २०२४

ती. सुहासिनीमावशींना,
नयनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मेसेजवर तुम्ही नुसते जोडलेले हात पाठवता, त्यापेक्षा आपली पत्रंच बरी. इकडे सगळे ठीक. शैलेंद्र तुमचाच भाचा शोभतो. मी रविवारी क्लासला निघाले की नेमकं तेव्हाच त्याला विचारायचं असतं की जळणारा कचरा कुठला आणि प्लास्टिकचा कुठला. पार्थला मराठीत विचारलं की जपानीत उत्तर, आणि वर मलाच सांगतो की तुझे उच्चार सुधार. घ्या!

क्लासबद्दल तुम्ही विचारलं होतं. आमच्या नवऱ्यांचं ऑफिसात इंग्रजीवर भागतं, पण शाळेतून येणारे जपानी कागद आईच्या डोक्यावर. म्हणून आम्ही कम्युनिटी हॉलमध्ये आई आणि मूल शेजारी बसवून गोष्टीचं पुस्तक वाचून घेतो. एक ओळ मुलाची, एक ओळ आईची. आई चुकली की मूल सुधारतं. हॉल आणि पुस्तकं सरकारी अनुदानातून. यंदा मात्र वॉर्ड ऑफिसने गुणवत्तेचे निकष आणले आहेत. मुलासोबत घरचं मोठं माणूस हवंच, आणि ते माणूस वाचनात पुढे सरकलेलं दिसायला हवं. मग मीच अक्कल पाजळून नियम काढला. सलग तीन पानं बिनचूक वाचली की आई पास. टाळ्या, श्रीखंड-पुरी, निरोप, आणि तिची जागा पुढच्या कुटुंबाला. अधिकारी मोरिता-सान खूश झाल्या, मीही मिरवून घेतलं.

आता खरी गोष्ट. माझी मैत्रीण कादंबरी जूनमध्ये गेली ते तुम्हाला माहीत आहे. साधा ताप म्हणता म्हणता गेली. तिची मुलगी ओवी सुट्टीनंतर एकटीच पुन्हा क्लासला येऊ लागली. तिचा बाप केदार तिला दारात सोडतो आणि तोंड चुकवून निघून जातो. पहिल्या दिवशी ओवीने दारातल्या सपात्यांच्या दोन जोड्या काढल्या, एक स्वतः घातली, दुसरी शेजारच्या खुर्चीखाली ठेवली. मग आपली ओळ वाचली आणि थांबली. एक ओळ वाचायला कादंबरीला जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ. मग त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली की आई, अवघड कांजी अक्षर आलं म्हणून उडी मारायची नाही, परत वाच. आणि पुन्हा थांबली.

मावशी, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुस्तक नवीन होतं. कादंबरीने ते पाहिलंही नव्हतं.

फेब्रुवारीत मोरिता-सान क्लास बघायला येणार. एकटं मूल निकषात बसत नाही. ओवीला काढलं नाही तर पुढच्या वर्षीच्या अनुदानावर गदा, आणि काढायला माझा जीव होत नाही. काय करू ते सांगा.

तुमच्या प्रेमावर हक्क सांगणारी,
नयना

---

सेंदाई
२६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. नयनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चहा तसाच गार झाला. इथे थंडी सुरू झाली आहे, माझे गुडघे कुरकुरतात, बाकी मी टुणटुणीत. शैलेंद्रला म्हणावं, कचऱ्याचं कोष्टक फ्रिजवर लावलेलं असतं, ते वाच, तुझी मावशी वाचते.

लहान मुलं मेलेल्यांशी बोलतात, त्यात भिण्यासारखं काही नाही. मीही तुझ्या मोहनकाकांशी बोलते. ते उत्तर देत नाहीत, आणि तेच बरं आहे. तुझ्या ओवीला उत्तर येतंय, याची मात्र मला काळजी वाटली. तिला दटावू नकोस, काढूनही टाकू नकोस. खोटं मात्र लिहू नकोस. वॉर्ड ऑफिसच्या बाईंना आई हजर म्हणून सांगशील तर त्या पोरीच्या भ्रमाला तूच शिक्का मारशील. आणि तो बाप कुठे लपलाय? त्याला धर.

पार्थला पापा.
तुझ्यावर रागावण्याइतका जीव असलेली,
मावशी

---

निशी-कसाई
१० डिसेंबर २०२४

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

केदारला दोनदा गाठलं. पहिल्यांदा म्हणाला की बँकेच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. दुसऱ्यांदा मी आवाज चढवला तेव्हा स्टेशनसमोर उभ्या उभ्या रडायलाच लागला. म्हणाला की त्याला जपानी दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नाही, घरातलं सगळं कादंबरीच बघायची, आणि त्या खुर्चीजवळ जायची त्याला भीती वाटते. मला त्याचा राग आला होता, तो तिथेच विरघळला.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पहिले काही रविवार ओवी खुर्चीला सारखी सुधारायची. मग सुधारणं कमी झालं. ओळ, थांबणं, मान डोलावणं, पुढची ओळ. बाकीच्या आया आपापलं वाचन सोडून ऐकत बसतात. एकदा तर त्यांतल्या विभाने शपथेवर सांगितलं की तिला ओवीच्या थांबण्यात कुजबुज ऐकू आली. मी तिला गप्प केलं, पण मावशी, खोटं कशाला बोलू, मीही कान देऊन होते.

आणि गेल्या दोन रविवारी पुन्हा चुकाच चुका. ओवी पानाच्या शेवटी येते आणि खुर्चीवर खेकसते की चूक, परत. तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीला हमखास. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. आधी जपानीत काहीतरी पुटपुटली. मग मराठीत म्हणाली की आई आता सगळं बरोबर वाचते, म्हणून मला तिला मुद्दाम चूक सांगावं लागतं. कारण पास झालेल्या आईला परत यायचं नसतं ना, नयनाकाकू?

माझा नियम, मावशी. माझी ती दीडशहाणी अक्कल! पोर स्वतःच्या आईला दर रविवारी नापास करते आहे, आणि मग मला विचारते की इतकं वाचून आई दमत असेल का. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. नियम रद्द करू का? केला तर वॉर्ड ऑफिसला पुढे सरकलेलं माणूस काय दाखवू? आणि रद्द केला तर ही पोर म्हातारी होईपर्यंत त्या खुर्चीला वाचायला लावेल.

लवकर लिहा. तुमच्या शब्दाची वाट बघते आहे.
नयना

---

सेंदाई
२० डिसेंबर २०२४

चि. सौ. नयनास,
आशीर्वाद.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. आमच्या गल्लीत कचऱ्याची जागा धुवायची पाळी माणसागणिक असते. आमच्या घरातून दोन नावं होती, मोहनची आणि माझी. तो गेल्यावर मी त्याचं नाव काढू दिलं नाही. त्याची पाळीही मीच करायची, बर्फात, पाठ मोडेपर्यंत. शेजारी सगळे भले, कोणी एका शब्दाने बोललं नाही. एकदा त्याच्या पाळीला सकाळी गेले तर जागा धुऊन लख्ख, झाडू उलटा टेकवलेला, मोहन टेकवायचा तसा. कोणी केलं ते आजवर कळलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, अगं बाई, हा अजून राबतोय, आणि मीच त्याला राबवते आहे. त्याच दिवशी जाऊन नाव काढून आले आणि घरी येऊन पोटभर रडले.

नियम राहू दे. त्या पोरीला सांग की हो, आई दमते. आणि सांग की पास होणं म्हणजे आईला हाकलणं नाही, सुट्टी देणं आहे. आई गेली हे तिला माहीत आहे गं, तिला परवानगी हवी आहे. बापाला शेजारी बसव, आईच्या खुर्चीत नव्हे.

रडू आलं तर रड, मला लिहायला लाजू नकोस.
मावशी

---

निशी-कसाई
२५ फेब्रुवारी २०२५

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं ओवीला जसंच्या तसं सांगितलं होतं. ऐकून ती पुस्तक घेऊन खुर्चीशेजारी जाऊन बसली. जानेवारीभर तिचं खुर्चीवर खेकसणं चालूच राहिलं. मी हात टेकले होते.

परवा मोरिता-सान आल्या. सुरुवात होण्याआधीच मी त्यांना सांगून टाकलं की या मुलीची आई हयात नाही आणि ही जोडी निकषात बसत नाही, काढायची तर तुम्ही काढा, मी काढणार नाही. बोलताना माझं जपानी पार गडबडलं, पण त्यांना कळलं. त्या मागे जाऊन बसल्या. तेवढ्यात दारात केदार. कोट तसाच अंगात, चेहरा पांढराफटक. तो येऊन ओवीच्या दुसऱ्या बाजूला बसला.

ओवीने वाचायला घेतलं. आपली ओळ, मग थांबणं. बाकीच्या आयांनी आपापली पुस्तकं खाली ठेवली. पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानाची शेवटची ओळ आईची होती. ओवी थांबली, आणि या वेळी फार वेळ थांबली. मला वाटलं आता खेकसणार. केदारने डोळे घट्ट मिटले होते. मग ओवीने पुस्तक मिटलं आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं की आई पास झाली.

पहिली टाळी कोणाची ते कळलं नाही. पण सगळ्यांनी वाजवल्या, मोरिता-सान उभ्या राहून वाजवत होत्या. मग त्या खुर्चीपाशी आल्या आणि कमरेत वाकल्या. कादंबरीला पास झालेल्यांत धरता येणार नाही, असं त्यांनी मला नंतर अगदी हळू आवाजात सांगितलं. केदारला मात्र नवीन पालक म्हणून घेतलं, म्हणजे ओवी क्लासातच राहते आहे. अनुदानाचं मार्चमध्ये कळेल. केदारने पहिल्याच ओळीत चार चुका केल्या आणि ओवीने त्याला चारचौघांत झापलं.

मी श्रीखंड-पुरी वाढली, हसले, सगळं आवरलं. मला वाटलं, संपलं. पण पार्थच्या शाळेच्या सहलीचा कागद आला होता. काल पुस्तकांच्या हिशोबासाठी मी सगळ्यांना मुलांसकट हॉलवर बोलावलं होतं, तिथे तो काढून आयांना म्हटलं की चला, मिळून वाचू. एकेकीला ओळ वाटत गेले. विभा झाली, आणखी दोघी झाल्या, आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, कादंबरी, तू वाच.

कोणी हललं नाही. मीही कागदाकडे बघत तशीच थांबले, मावशी, अगदी ओळभर. मी खरंच वाट बघत होते.

ओवी उठून माझ्याजवळ आली, माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाली की काकू, तिला आता बोलवायचं नाही, ती दमली आहे.

तुम्ही म्हणाला होतात तसं रडते आहे. जमेल तेव्हा या, थोडे दिवस माझ्याजवळ राहा.

तुमची,
नयना