दगड कुठला

प्रिय केदार,

पालघरच्या त्या कवितांच्या कार्यक्रमानंतर तू केळव्याला आला नाहीस आणि मीही फोन केला नाही. तुला वाटत असेल, आई अजून रागात आहे. राग केव्हाच गेला. आता तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून लिहिते आहे.

तू माईकपुढे उभा राहिलास तेव्हा मी मंगलामावशीला कोपरानं ढोसलं, बघ माझा केदार. तुझ्या इंग्रजीतलं मला काय कळणार? पण 'मदर' कळलं आणि 'स्टोन' कळलं. तू ते परत म्हणालास, मग मला बसवेना. भर सभेत उठून मी ओरडले, "आई दगड हाय काय रं तुजी? ह्याच दगडानं वाडी शिंपून शिकवला तुला." लोक हसले. तू कागदाची घडी करून खाली उतरलास. तुझे कान लाल झाले होते, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे. ते पाहूनही मी थांबले नाही, मंगलाचा हात धरून रिक्षात बसले.

परवा शेजारची किंजल आली. ती बोईसरला शाळेत इंग्रजी शिकवते, तुमच्या कवितांच्या मंडळातही आहे, त्या दिवशी सभेत होतीच. म्हणाली, "मावशी, 'लाइक' लावलं तर आई दगडासारखी. न लावता म्हटलं तर आई म्हणजे दगडच. पण दोन्ही वेळा दगड कुठला, ते बघायचं असतं." मी म्हटलं, दगड तो दगड. तेव्हा तिनं विचारलं, तुम्ही केदारला 'माझं पाखरू' म्हणायचात, तेव्हा कुणी त्याचे पंख शोधले का? मग तिनं मोबाइलवर तुझी कविता उघडून एकेक ओळ मराठीत सांगितली. आपल्या विहिरीजवळचा, धुण्याचा दगड. बाबा गेले तेव्हा सगळ्या घरानं आपलं रडणं त्याच्यावर आपटून धुतलं. तो ओला झाला, पण हलला नाही.

केदार, तुला एक सांगितलेलं नाही. बाबांच्या दहाव्याला माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेव्हा तुझी आत्या बायकांत म्हणाली होती, "दगड हाय नुसती." मी ऐकलं होतं. त्या दिवशी माईकवर आवाज तुझा होता, पण मला बोलणं तिचंच वाटलं. मी रडत बसले असते तर तुम्हा भावंडांना कोण धरणार होतं, हे मी कधी कुणाला बोलले नाही. तुला ते न सांगता कळलं होतं, आणि तुलाच मी चारचौघांत खाली बघायला लावलं.

किंजल जाताना म्हणाली, तुमच्या मंडळाच्या पुस्तकातून तू ती कविता काढून घेतो आहेस. काढू नकोस. छापायला जायच्या आत तुला कळावं, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देते आहे. आणि रविवारी ये. मला वाचून दाखव, इंग्रजीतच. मी उठणार नाही.

तुझीच,
उतावळी आई